बिनबारकोडचा नंदी

तान्हा पोळा नागपूरबाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो, म्हणून आधी तेवढं उरकते. श्रावण अमावास्येला पोळा, तो बैलांचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो लेकरांचा. लाकडाचा नंदी सजवायचा, दोरी बांधून ओढत न्यायचा आणि घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागायचा. रघुजीराजे भोसल्यांनी ही पद्धत पाडली असं इथे सांगतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा उरत नाही. २०२४ साली पोळा २ सप्टेंबरला होता, तान्हा पोळा ३ ला. या प्रकरणातली सगळी घाई त्या तारखेपायी आहे. ४ सप्टेंबरला पोचलेला नंदी हा पुढच्या वर्षीचा माल.

मी लहान कारागिरांच्या वस्तू ऑनलाइन बाजारपेठांवर चढवून देते. फोटो, माप, मजकूर, किंमत, आणि नामंजूर झालेलं मंजूर करून आणणं. या शेवटच्या कामावरच माझं घर चालतं. खाली ज्या बाजारपेठेबद्दल लिहिलं आहे तिचं नाव मुद्दाम घेत नाही. माणसांचीही घेत नाही. काका आणि पुतण्या एवढं पुरे.

काका सुतार. महालात चितार ओळीपासून पाच मिनिटांवर घर, खाली कारखाना, वर राहणं. वर्षभर चौकटी, पाळणे, देव्हारे. आषाढ लागला की फक्त नंदी. चार इंचांपासून दीड फुटापर्यंत सहा मापं. लहान आंब्याच्या लाकडाचे, मोठे सागवानी. प्रत्येकाला चाकांचा पाट, कपाळावर गोंडा, पाठीवर रंगवलेली झूल. पुतण्या रंगकाम करतो आणि डोळे तोच काढतो. सगळ्यात अवघड काम ते, असं काकाच म्हणतात. पुण्यात-मुंबईत गेलेल्या नागपूरकरांच्या लेकरांना नंदी मिळत नाही आणि त्यांच्या आया दरवर्षी कुणाच्या तरी हाती मागवतात, हे पुतण्याने हेरलं होतं. हेरलं ते बरोबरच होतं.

जूनअखेर त्याने स्वतःच्या नावाने विक्रेता-खातं उघडलं. रंगाच्या कामासाठी काढलेला जीएसटी क्रमांक त्याच्याकडे होताच. मापं भरली, फोटो टाकले आणि एका चौकटीपाशी गाडी अडली: उत्पादन क्रमांक, म्हणजे बारकोडखालचे अंक. चौकट लाल ताऱ्याची, सोडता न येणारी.

पहिलं उत्तर

त्याने नेटवरून वीस बारकोड विकत घेतले, काही शे रुपयांत. बारा-बारा आकडे, सोबत पट्ट्यांची चित्रं, वर "आजीवन वैध" असं छापलेलं प्रमाणपत्र. सहा मापांना सहा क्रमांक दिले. चार नाकारले गेले, दोन चालले. ११ जुलैला सहा इंची नंदीला पहिली ऑर्डर आली, पुण्याहून. घरात पेढे आले. काकूंनी पार्सलला हळदकुंकू लावलं आणि कुरिअरवाल्यालाही एक पेढा दिला.

पाचव्या दिवशी वस्तू परत निघाली. कारण: "मागवलेली वस्तू नाही." सोबत खात्यावर ताकीद, आणि दोन्ही नोंदी बंद.

पुतण्या माझ्याकडे आला तेव्हा त्याला स्वतःलाच उलगडा झाला नव्हता. "ताई, सहा इंची मागवला, सहा इंचीच पाठवला. मोजून पाठवला." त्याच्या फोनवरच्या ॲपमध्ये त्याला फक्त त्याने दिलेला माल-कोड दिसत होता, "नंदी-६". मी तोच क्रमांक खरेदीदाराच्या बाजूने, साध्या शोधाच्या रकान्यात टाकला. समोर आला सिलिकॉनच्या ब्रशांचा संच. तव्याला तेल लावायचे, सहा नग, सहा रंग. मूळ विक्रेत्याकडचा माल संपलेला, म्हणून त्या पानावर एकटा विक्रेता उरला होता आणि तो म्हणजे आमचा पुतण्या. पुण्यातल्या बाईंनी ब्रश मागवले होते.

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे माणसानं ब्रश मागवला अन् त्याच्या घरी बैल गेला."

हे कसं घडतं ते नीट सांगते, कारण आठवड्यातून एक तरी माणूस हीच चूक घेऊन येतो. अशा बाजारपेठेत विक्रेत्याचं पान नसतं, वस्तूचं असतं. ॲमेझॉनवर त्या पानाच्या ओळखीला एएसआयएन म्हणतात, फ्लिपकार्टवर एफएसएन. तुम्ही बारकोडचा क्रमांक टाकलात की यंत्रणा आधी पाहते, हा क्रमांक कुठल्या पानाला लागलेला आहे का. असेल तर ती नवं पान काढत नाही, तुम्हाला त्या पानावर आणखी एक विक्रेता म्हणून उभं करते. तुम्हाला वाटतं आपलं दुकान उघडलं. खरं तर तुम्ही दुसऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर जाऊन बसलेले असता.

आणि ते स्वस्त क्रमांक आले कुठून? बरेचसे अमेरिकेतून. तिथल्या क्रमांक देणाऱ्या संस्थेने २००२ पूर्वी ज्यांना उपसर्ग, म्हणजे क्रमांकाचे सुरुवातीचे ठरलेले अंक, दिला, त्यांच्यावर वार्षिक वर्गणीचं बंधन नव्हतं. एका उपसर्गाखाली हजारो क्रमांक बसतात. काहींनी उरलेले फुटकळीत विकायला काढले, विकत घेणाऱ्यांनी पुढे विकले, आणि एकच क्रमांक दोघा-तिघांना विकला गेला तरी विचारणारं कोणी नाही. संस्थेच्या दप्तरी मालक म्हणून नाव अजून त्या पहिल्या कंपनीचंच. हे क्रमांक देणाऱ्या जीएस१ या जागतिक संस्थेचा सार्वजनिक तपासणीचा रकाना आहे. त्यात पुतण्याचे वीसच्या वीस क्रमांक मी टाकले. एकाही ठिकाणी ना नंदी, ना नागपूर. प्रमाणपत्रावरचा "आजीवन" हा शब्द तेवढा खरा असावा, कोणाचं आजीवन ते लिहिलेलं नव्हतं.

(योगायोग म्हणजे किराणा दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पुड्यावर. पुतण्याने खातं उघडलं त्याच आठवड्यात या गोष्टीला पन्नास वर्षं झाली.)

माझ्याकडे येण्याच्या आदल्या रात्री त्याने आणखी एक उद्योग केला होता. भारताचे क्रमांक ८९० ने सुरू होतात हे त्याला कळलं, म्हणून त्याने मनानेच आकडे ठोकले: ८९०१२३४५६७८९०. गंमत अशी की यंत्रणेने ते आकडे लगेच फेकले नाहीत. तेरावा अंक हा तपासणी अंक असतो. पहिल्या बारांपैकी विषम जागांवरच्यांची बेरीज करायची: ८, ०, २, ४, ६, ८, झाले २८. सम जागांवरच्यांची बेरीज तिप्पट: ९, १, ३, ५, ७, ९ म्हणजे ३४, तिप्पट १०२. एकूण १३०. दहाने पूर्ण भाग जायला जितके कमी पडतात तो तेरावा अंक, इथे शून्य. आणि पुतण्याने शेवटी शून्यच टाकलं होतं! आकडेमोडीत तो पास झाला. पण पुढच्या पायरीला त्या उपसर्गाचा मालक तपासला जातो, तिथे अडकला. दहातले नऊ जण आकडेमोडीतच गळतात, हा नशीबवान की कमनशिबी ते ठरवता येईना. ८९० चा अर्थही लोक चुकीचा घेतात. वस्तू भारतात बनली असा तो नाही. क्रमांक घेणारी कंपनी जीएस१ इंडियाची सभासद आहे, एवढाच.

दुसरं उत्तर, हे माझं

रस्ते तीन होते. एक, जीएस१ इंडियाकडे रीतसर नोंदणी करून स्वतःचे क्रमांक घ्यायचे. फी उलाढालीप्रमाणे ठरते, दरवर्षी नूतनीकरण असतं. दोन, ट्रेडमार्कचा अर्ज करून बाजारपेठेच्या ब्रँड-नोंदणीत शिरायचं. तीन, बारकोडमधून सूट मागायची.

हा तिसरा रस्ता आहे हेच अनेकांना माहीत नसतं. आपल्याकडे सर्वसाधारण वस्तूवर बारकोड असलाच पाहिजे असा कायदा नाही. वैधमापनाच्या (वजनमापांच्या कायद्याखालच्या) आवेष्टित, म्हणजे पॅकबंद, वस्तू नियमांत बारकोड किंवा क्यूआर कोड ऐच्छिक आहे. सक्तीचं आहे ते दुसरंच: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. यातलं बरंचसं १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन पानावरही दाखवावं लागतं. बारकोडचा हट्ट बाजारपेठेचा स्वतःचा आहे, एकाच वस्तूची दहा पानं होऊ नयेत म्हणून. हट्ट तिचा, म्हणून सूटही तीच देते. ही सूट वस्तूला मिळत नाही. खातं, वर्ग आणि ब्रँडचं नाव या तिघांच्या जोडणीला मिळते.

सहा मापं, त्यात पांढरा, तांबडा आणि काळा. म्हणजे अठरा क्रमांक, तेही सहा आठवड्यांच्या धंद्यासाठी. मी सूट सुचवली. आणि ब्रँडच्या जागी "जेनेरिक" घाला म्हटलं, म्हणजे बिनब्रँडचा माल. लवकर होतं. फोटो पुतण्याने काढले: वस्तू सगळ्या बाजूंनी, वेष्टन सगळ्या बाजूंनी, अर्जात मागितलेले तसे. मी न पाहता अर्ज पुढे ढकलला. दोन दिवसांनी नकार: "वेष्टनावर बारकोड आढळला."

फोटो उघडले. काका पार्सलसाठी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून बिस्किटांची रिकामी खोकी आणतात. पुतण्याने इमानेइतबारे खोक्याच्या सहाही बाजू टिपल्या होत्या. चौथ्या फोटोत बिस्कीट कंपनीचा बारकोड, टीव्हीवरच्या बातमीदारासारखा थेट कॅमेऱ्याकडे पाहणारा. बारकोड नाही म्हणून सूट मागणाऱ्याच्या अर्जात सगळ्यात स्पष्ट दिसत होता तो बारकोड. चूक माझीच. मी फी घेतली ती डोळ्यांची, आणि तेच वापरले नाहीत.

साधी तपकिरी खोकी आणून तोच अर्ज परत टाकला असता तर बहुधा सुटला असता. पण त्या दोन दिवसांत मला "जेनेरिक" खटकायला लागलं होतं. बिनब्रँडच्या पानावर उद्या कोणीही येऊन बसू शकतो, पुतण्या ब्रशांवर जाऊन बसला तसाच. यंत्रावर कातलेला, लाखेसारखा चकाकणारा बैल दीडशे रुपयांत त्याच पानावर विकायला लावला की काकांच्या फोटोवर त्याचा माल जाणार. मी हे काकांना सांगितलं. ते पाट घासत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग माहं नाव टाका ना त्याच्यावर. गाईढोरावर टाकतेतच की."

डागणी

नाव टाकायचं ठरलं, पण स्टिकर चालत नाही. अर्जाच्या फोटोत नाव वस्तूवर कायमचं दिसावं लागतं: कोरलेलं, छापलेलं, शिवलेलं किंवा जाळलेलं. काका म्हणाले जाळू. इतवारीत पितळी ठसे करून देणारे आहेत. पुतण्या मजकूर देऊन आला, तीन दिवसांनी ठसा आला. एका चिरफळीवर आधी करून पाहिलं. ठसा कोळशावर तापवला, चिमट्याने धरून दाबला, चर्र झालं, धूर निघाला. उचलून पाहिलं तर अक्षरं उलटी. पुतण्याने कारागिराला सरळ लिहून दिलं होतं आणि कारागिराने जसं दिलं तसं कोरलं होतं. ठसा उलटा कोरावा लागतो म्हणजे तो सुलट उमटतो, हे सांगायचं राहून गेलं. मला वाटलं आता काकांचा आवाज चढणार. ते चिरफळी उजेडात धरून म्हणाले, "बैलानं आरशात पाहिलं वाटते." आणि ती अजून कारखान्यात खिळ्याला अडकवलेली आहे.

दुसरा घोळ लिपीचा. नाव काकांच्या आजोबांचं, देवनागरीत. अर्जात ब्रँडचं नाव इंग्रजी अक्षरांत टंकावं लागत होतं, आणि वस्तूवर जसं दिसतं तंतोतंत तसंच हवं. एक अक्षर, एक मोकळी जागा, लहान-मोठी लिपी, काहीही वेगळं चालत नाही. काकांना इंग्रजी अक्षरं नको होती. "पोराइले वाचता आलं पायजे." शेवटी दोन ठसे झाले: पाटाच्या खाली देवनागरी, मागच्या कडेवर, शेपटीखाली, इंग्रजी. कडेवरचा ठसा लहान आणि अडचणीचा. चार इंचीवर तो बसवताना काकांनी दोन पाट जाळले. फोटो यावेळी मी स्वतः काढले. खोक्याच्या सहा बाजू मोजल्या. पिवळ्या भिंतीवर पांढरा बैल उठून दिसला नाही म्हणून काकूंचं हिरवं लुगडं मागे टांगलं, तेही अर्जापुरतंच. विक्रीच्या पानाला पांढरी पार्श्वभूमी लागते.

३० जुलैला सूट मंजूर झाली. इथे प्रकरण संपायला हवं होतं.

वर्ग: खेळणी

पान भरताना "खेळणी" हा वर्ग निवडला आणि नवी चौकट उघडली: भारतीय मानक ब्युरोचा परवाना क्रमांक. खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० सालचा, १ जानेवारी २०२१ पासून लागू. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूला आयएसआय चिन्ह हवं. कारखानदारासाठी ठीक, एक करवतयंत्र आणि दोन माणसं असलेल्या घराला तो परवाना पेलणारा नाही.

पुतण्या म्हणाला, "ताई, शोभेची वस्तू म्हणून टाकू. बाकीचे तसंच करून राहिले." करतात, खरं आहे. मी एक रात्र विचार केला आणि नको म्हटलं. नंदी हा पूजेचा आहे, शोभेचाही आहे, पण त्याला चाकं आहेत, दोरी आहे, आणि आपल्याच तिसऱ्या फोटोत पाच वर्षांची मुलगी तो ओढत नेते आहे. खेळण्याच्या व्याख्येत "केवळ खेळण्यासाठी नसलं तरी" अशा अर्थाचे शब्द आहेत. त्यापुढे शोभेचं सोंग टिकत नाही. शिवाय ज्या खात्यावर आधीच एक ताकीद आहे, त्याने दुसऱ्या खोट्या खोक्यात माल भरायचा?

त्याच आदेशात नंतर एक सवलत घातली गेली. केंद्राच्या विकास आयुक्त, हस्तशिल्प यांच्याकडे नोंदलेल्या कारागिराने बनवलेल्या आणि विकलेल्या वस्तूला तो आदेश लागू नाही. मी काकांना विचारलं, कारागिरीचं काही कार्ड आहे का. त्यांना आठवेना. काकूंना आठवलं. पत्र्याच्या पेटीत, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत: पहचान कार्ड, म्हणजे त्याच नोंदणीचं ओळखपत्र. कधीतरी एका शिबिरात फोटो काढून दिला होता, कार्ड आलं, पेटीत गेलं. काकांच्या मते ते "सरकारी काहीतरी" होतं.

आनंद झाला, पण "बनवलेल्या आणि विकलेल्या" यातला "आणि" मला झोपू देईना. बनवणारे काका, विकणारा पुतण्या. कार्ड काकांचं, खातं पुतण्याचं. सवलत हवी तर विकणारेही काकाच हवेत.

या जागी कागदपत्रांपेक्षा घरातलं राजकारण अवघड होतं. पुतण्याने दीड महिना खपून खातं उभं केलं होतं. मित्रांना पडदा दाखवला होता. आता त्याचं नाव काढून साध्या बटणांचा फोन वापरणाऱ्या काकांचं टाकायचं. तो काही बोलला नाही. डोळे काढायचा ब्रश धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. काकाच मागे गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. आल्यावर पुतण्या एवढंच म्हणाला, "ओटीपी काकाच्या फोनवर येईन, तं फोन मीच ठेवतो."

काकांकडे जीएसटी नव्हता. पूर्वी एवढ्यावरच ऑनलाइन विक्रीचं दार बंद व्हायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घेता येतो आणि बाजारपेठेमार्फत विकता येतं, अट अशी की माल राज्याबाहेर जाता कामा नये. महाराष्ट्रात मालासाठी नोंदणीची मर्यादा चाळीस लाखांची. काकांचे नंदी तिच्या जवळपासही जात नाहीत. म्हणजे पुणे, मुंबई, नाशिक, अमरावती चालेल. रायपूर, हैदराबाद, बंगळूर गेलं. छत्तीसगडात पोळा आपल्यासारखाच होतो, तिथेही लेकरं बैल ओढतात. ते गिऱ्हाईक सोडताना जीवावर आलं. पण ऑगस्टचा पहिला आठवडा उलटत होता. जीएसटी नोंदणी, मासिक विवरणं, तिचा हिशेबनीस, हे पोळ्यानंतर बघू असं ठरलं.

जुन्या खात्याबद्दल बाजारपेठेच्या मदत कक्षाला आधी लिहिलं: क्रमांक कसे चुकले, खातं का बंद करतो आहोत, त्याच पत्त्यावर नवं खातं कोणाच्या नावाने आणि का उघडतो आहोत. हे न सांगता केलं तर एकाच घरातली दोन खाती यंत्रणा जोडते आणि जुन्याची ताकीद नव्याला चिकटते. उत्तर आल्यावरच नवं उघडलं. बारकोडची सूट खात्याला असते, म्हणून तीही परत मागावी लागली. तेच फोटो, तेच नाव, एका दिवसात मिळाली.

एक गोष्ट कोणी मागितली नव्हती, मी मागितली. रंगाचे डबे दाखवा म्हटलं. परवान्यातून सुटलो म्हणजे लेकरू नंदी चाटणार नाही असं थोडंच आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहे आणि डब्यावर तसं छापलेलं असतं. तीन डब्यांवर होतं. चौथा, झुलीच्या सोनेरी रंगाचा, जुना, लेबल निघालेला. तो बाजूला केला. त्या वर्षीच्या झुली पिवळ्या झाल्या.

चौदा दिवस

१४ ऑगस्टला अठरा नोंदी सुरू झाल्या. माल-कोड आम्हीच बसवला: माप, रंग, एवढंच, "०६-पां" म्हणजे सहा इंची पांढरा. २७ तारखेला ऑर्डर घेणं थांबवलं, कारण त्यापुढे पार्सल तान्ह्या पोळ्याआधी पोचेल याची खात्री देता येत नव्हती. मध्ये त्रेपन्न नंदी गेले. सर्वांत जास्त सहा इंची. दीड फुटी एकही नाही, त्याचं कुरिअरच नंदीच्या किमतीला भिडत होतं. चार शिंगं मोडली, चारही पहिल्या आठवड्यात. मग काकांनी शिंगांभोवती सुतळी गुंडाळायला सुरुवात केली, पुढे एकही मोडलं नाही. एक नंदी परत आला, "फोटोतल्यासारखा नाही" म्हणून. फोटोतला मान खाली घातलेला, त्यांना गेलेला मान वर केलेला. ही तक्रार मला अन्यायाची वाटली नाही. बारकोड असो की सूट असो, यंत्रणा "सहा इंची पांढरा" हा एक प्रकार मानते. काकांच्या हाताखालून एकासारखा दुसरा बैल निघत नाही. पानावर एक ओळ घातली, हातकाम आहे, प्रत्येकाची मान आणि डोळे वेगळे. त्यानंतर दोघींनी निरोप टाकून "रागीट डोळ्यांचा" मागितला.

पहिलं पार्सल बांधलं त्या दिवशी काका पुतण्याने छापलेला पत्त्याचा कागद हातात घेऊन उभे होते. त्यावर काळे पट्टे, खाली आकडे. "काऊन गा, बारकोड नाही म्हणून दीड महिना फिरवलं मले. मंग हे काय आहे?" मी सांगितलं, हा पार्सलचा क्रमांक, बैलाचा नाही. पार्सल पोचलं की तो संपतो. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. पण तो कागद त्यांनी खोक्यावर अगदी सरळ, गुण्या लावून चिकटवला.

पोळ्यानंतर हिशेबाला बसलो. धरमपेठेतल्या एका खेळण्यांच्या दुकानाने सहा इंची मागितले आहेत आणि त्यांच्या गल्ल्यावर क्रमांक लागतो. तेवढ्यासाठी जीएस१ ची नोंदणी करू नका, असं मी सांगितलं आहे. २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक दुकानाला स्वतःच्या चार भिंतींत वापरायला मोकळे असतात; दुकानदारच तसा लावून घेईल. दोन-तीन दुकानं झाली, राज्याबाहेर जायचं ठरलं, की मग जीएसटी आणि स्वतःचे क्रमांक एकदमच बघू. पुतण्याला ट्रेडमार्क आधी हवा आहे. ट्रेडमार्कचा वर्ग २८, म्हणजे खेळण्यांचा, एकट्या अर्जदाराला ऑनलाइन साडेचार हजार रुपये. यावर आमचं अजून एकमत नाही.

ते वीस क्रमांक आणि "आजीवन वैध" प्रमाणपत्र त्याने जपून ठेवलं आहे, का ते विचारलं नाही. मी मात्र अधूनमधून त्यातला तो एक क्रमांक शोधाच्या रकान्यात टाकून बघते. ब्रशांचं पान अजून आहे, माल परत आला आहे, चांगला खपतोही. खाली अभिप्रायांत, पाच ताऱ्यांच्या रांगेत, जुलै २०२४ चा एकच तारा: "मागवला ब्रश, आला बैल. बैल चांगला आहे."